माता मरतात की मारल्या जातात?

पाड्यावर किंवा पालावर बाळंतीण दगावली की चौकशीचा निष्कर्ष ठरलेला असतो : घरच्यांनी उशीर केला, अज्ञान, अंधश्रद्धा. म्हणजे मेली तीही आपलीच आणि आरोपीही आपणच!

2018-20 च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार देशात एक लाख जिवंत जन्मांमागे 97 माता मरतात, महाराष्ट्रात 33. या 33 वर सरकार पाठ थोपटून घेते. पण ही सरासरी आहे. मुंबईतल्या फ्लॅटमधली बाई आणि मेळघाटातली कोरकू, धडगावची पावरा, भामरागडची माडिया बाई तिने एकाच मापात टाकली. पाहणीत हे आकडे राज्यवार छापतात, जात-जमातवार नाही. जे मोजलेच नाही त्याचा जाब कोणाला विचारायचा?

बाई मरते ती बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने, रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांनी, जंतुसंसर्गाने. यातले बहुतेक मृत्यू टाळता येतात. रक्तस्राव तर काही तासांत जीव घेतो. ते तास कुठे जातात? बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत, आरोग्य केंद्रात तज्ज्ञ नाही म्हणून ग्रामीण रुग्णालयात, तिथे रक्त नाही म्हणून जिल्ह्याला. मुळात तिच्या अंगातच रक्त कमी, कारण दिवस भरेपर्यंत मजुरी सुटत नाही. त्यात तिची भाषा डॉक्टरला कळत नाही, वर ओरडा खावा लागतो. पुढच्या खेपेला ती दवाखान्याची पायरी चढायला कचरते. यालाच हे अंधश्रद्धा म्हणतात!

1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी ठणकावले होते की मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि हा भार मुख्यतः सरकारने उचलावा. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने सरकारी नोकरदार वगळता प्रत्येक गरोदर स्त्रीला किमान 6000 रुपयांचा हक्क दिला. 2017 मध्ये योजना आली ती 5000 ची, तीही पहिल्याच अपत्यापुरती. पुढे दुसरे अपत्य जोडले, पण ते मुलगी असेल तरच. मग दुसऱ्या खेपेला मुलगा झाला तर त्या आईला विश्रांती नको?

म्हणून आमची मागणी सरळ आहे. प्रत्येक मातामृत्यूची कारणे जात-जमातीसह जाहीर करा. ग्रामीण रुग्णालयात रक्त आणि तज्ज्ञ द्या. तिची भाषा बोलणारे कर्मचारी नेमा.

मित्रांनो, जयंतीला रक्तदान आपण करतोच. आता आपल्या तालुक्यात ते रक्त बाळंतिणीपर्यंत पोहोचते का, हेही विचारायला चला.

जयभीम!