विमानाचा वेळ घराच्या दारापासून मोजा

पुण्याला मुलाकडे जायचे किंवा आईला तिथल्या डॉक्टरांना दाखवायचे ठरले, की आपण अमळनेरकर हल्ली मोबाइलवर दोन विमानतळांमधले अंतर शोधतो. जळगाव ते पुणे सरळ रेषेत सुमारे ३२० किलोमीटर आणि शेजारी विमानाचा वेळ, जेमतेम अर्धा तास. या आकड्यावर कृपा करून बेत आखू नका.

तो नुसता भागाकार असतो. अंतराला मोठ्या जेट विमानाच्या वेगाने, म्हणजे ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास, भागलेले असते. जळगावहून उडते ते पंख्यांचे एटीआर. त्याचा वेग ताशी पाचशेपर्यंत, चढता-उतरताना त्याहून कमी. धावपट्टीपर्यंत जाणे, उतरण्याआधीचा वळसा, मुंबई-पुण्यावर गर्दी असली तर वरच घिरट्या, हे सगळे त्या भागाकारात नसते. तिकिटावर छापलेला वेळच धरा.

मोबाइलवर तसेच धुळे ते पुणे अंतरही मिळते, सुमारे २७० किलोमीटर. धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, तिथे वैमानिक शिकतात. नियमित प्रवासी विमान मात्र सुटत नाही. जळगावचा इतिहासही लक्षात असू द्या. विमानतळाचे उद्घाटन २०१२ मध्ये झाले, एअर डेक्कनची सेवा २०१७ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि बंद पडली, २०१९ मध्ये आलेली ट्रूजेटही थांबली. २०२४ मध्ये अलायन्स एअरने मुंबईची आणि फ्लाय९१ ने पुणे, गोवा, हैदराबादची विमाने सुरू केली. विमानांचे वेळापत्रक मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते, म्हणून लग्नाची किंवा तपासणीची तारीख घेण्याआधी त्या वारी विमान आहे का, हे कंपनीकडेच विचारा.

आता घरापासून मोजू. अमळनेरहून धरणगाव, पाळधीमार्गे जळगाव आणि पुढे कुसुंब्याचा विमानतळ, दीड-दोन तास. सुटण्याआधी तासभर तरी पोचायला हवे. हवेत तासाभराहून थोडे जास्त. पुण्यात बॅग घेऊन लोहगाव विमानतळावरून कोथरूडला जायला रहदारीत आणखी तास-दीड तास. म्हणजे पाच-सहा तासांचा प्रवास. धुळे, मालेगाव, शिर्डीवरून रात्रीची ट्रॅव्हल्स आठ-नऊ तास घेते. वाचतात ते तीनेक तास, आणि तेही विमान वेळेवर सुटले तर. तरण्याताठ्या माणसाने त्यासाठी तिकिटाचे जास्तीचे पैसे मोजावेत का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पण नुकती शस्त्रक्रिया झालेल्या किंवा कंबर धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला रस्त्यावरचे नऊ तास बसवू नका. त्यांच्यासाठी विमानच घ्या, कर्ज काढावे लागणार नसेल तर नक्कीच. एटीआरमध्ये पायऱ्या चढून जावे लागते. म्हणून व्हीलचेअर आणि चढायला मदत लागेल हे तिकीट काढतानाच सांगा. टाके ताजे असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

मुंबईहून पुढे परदेशाचे विमान असेल तर त्याच दिवशीच्या जोडणीवर विसंबू नका. दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर पहिले विमान चुकल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. पावसाळ्यात आणि धुक्याच्या सकाळी तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. सुरतमार्गे मुंबईला जाणारी गाडी अमळनेरहूनच मिळते. आणि विमान रद्द झाले तर काउंटरवरून तसेच परत फिरू नका. दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतले एक मागणे हा तुमचा हक्क आहे.