चीअरलीडिंग : खेळ कीं केवळ शोभा ?

दहीकाल्याच्या दिवशीं एकमेकांच्या खांद्यांवर उभे राहणारे गोविंदा आम्हां आंबीकरांस नवे नाहींत. अमेरिकेंतील स्पर्धात्मक चीअरलीडिंग हें याच जातीचें. तेथें माणसांचे मनोरे रचतात, सोबत्यास उंच फेंकून झेलतात, कोलांट्या मारतात. आणि हें सर्व ठरलेल्या वेळांत, परीक्षकांसमोर. परंतु सामन्याच्या कडेला खेळाडूंस उत्तेजन देण्यांतून ही कला जन्मली, म्हणून तिला खेळ म्हणण्यास पुष्कळ जण कचरतात. २०१० सालीं तेथील एका न्यायालयानें ती अद्यापि खेळाच्या पदास पोंचली नाहीं असा निर्णय दिला. पुढें २०२१ सालीं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें मात्र तिच्या जागतिक संघटनेस पूर्ण मान्यता दिली.

गुण परीक्षक देतात म्हणून तो खेळ नव्हे, हा आक्षेप आम्हांस पटत नाहीं. आपल्या मल्लखांबाच्या स्पर्धेंत तरी दुसरें काय होतें ? जेथें शरीराचें कसब, नियम आणि चुरस हीं तिन्ही आहेत, त्यास आम्ही खेळच म्हणूं.

तथापि नुसत्या नांवानें काम भागत नाहीं. २०२२ सालीं दहीहंडीस साहसी खेळाचा दर्जा देण्याची घोषणा आपल्या विधानसभेंत झाली. तरी थरांवरून कोसळून गोविंदा जायबंदी होतच आहेत. खेळ म्हटला कीं शिक्षक हवा, खालीं जाड गादी हवी, वयाची मर्यादा हवी, आणि जखमी झालेल्याची जबाबदारी घेणारा कोणी हवा. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, थर किती लागले हें विचारण्यापूर्वीं, पडणाऱ्यास सांभाळण्याची तजवीज काय केली आहे, हें विचारीत जा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.