सागरतळ आणि देवालय : एका दिवसाच्या सहलीचा विचार

सहलीचा हंगाम जवळ आला की शाळाशाळांतून एक चर्चा हमखास रंगू लागते : यंदा जावयाचे कोठे? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे. एखादा गड, एखादे देवस्थान, वाटेत एखादे धरण, आणि परतीच्या प्रवासात गाण्याच्या भेंड्या. अलीकडे मात्र प्रवासी कंपन्यांनी एक नवेच ताट वाढून ठेवले आहे. सकाळी समुद्रात उतरून प्रवाळ व मासे पाहावयाचे, दुपारी कोरडे होऊन जेवावयाचे आणि सायंकाळी देवदर्शन घेऊन घरचा रस्ता धरावयाचा. मार्गदर्शक, होडी, डोळ्यांवरचा मुखवटा, श्वास घेण्याची नळी, सारे काही त्यांचेच. या नळीच्या साहाय्याने पाण्यावर पालथे तरंगत खाली पाहण्याला ‘स्नॉर्कलिंग’ म्हणतात. मालवण हे या प्रकाराचे कोकणातील मोठे केंद्र झाले असून आंबोलीचा घाट उतरून जाणाऱ्या आमच्या बेळगावकडील मंडळींना ते चार-पाच तासांच्या अंतरावर आहे.

अशी सहल शाळेने काढावी की काढू नये, याविषयी पालकांत दोन तट पडलेले दिसतात. एक पक्ष म्हणतो, “देवदर्शन आणि जलक्रीडा यांची खिचडी कशाला? देवाला जावयाचे तर देवाला जावे.” दुसरा पक्ष म्हणतो, “देवळे काय, कोठेही आहेत; मुलांना समुद्र दाखवा.” प्रस्तुत लेखकाच्या मते दोघांचेही निदान चुकते. समुद्र आणि देऊळ यांची जोडी विजोड नाही. विजोड आहे ती आपली घाई.

प्रथम पहिल्या आक्षेपाचा विचार करू. समुद्र आणि देव यांची फारकत आपल्या परंपरेने कधी केलेलीच नाही. देवगडजवळच्या कुणकेश्वराचे देऊळ अगदी सागरतीरावर उभे आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत गावोगावच्या देवस्वाऱ्या तेथे तीर्थस्नानासाठी येतात व हजारो भाविक समुद्रात स्नान करून दर्शनास जातात. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा थेट समुद्राच्या खडकांवरून जाते, आणि भरतीच्या वेळी ती करता येत नाही. देवाच्या प्रदक्षिणेलासुद्धा सागराचे वेळापत्रक पाळावे लागते! नारळी पौर्णिमेला आमचा कोळी बांधव समुद्रालाच देव मानून नारळ वाहतो. तेव्हा सकाळी पाण्यात उतरलेला मुलगा सायंकाळी देवळाची पायरी चढला तर त्यात पावित्र्याचा भंग कसला? दुपारी ताटात मासळी घेतल्यावर दर्शनाला जावे की नाही, हा प्रश्न मात्र ज्या त्या घरच्या आचाराचा आहे. तो शाळेने सोडवू नये. शाळेने शाकाहारी पानाची सोय ठेवावी आणि कोणी कोणाच्या ताटाकडे बोट दाखवू नये, एवढे पाहिले म्हणजे पुरे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. “देवळे काय, कोठेही आहेत,” असे म्हणणाऱ्याने मालवणच्या किनाऱ्यावरील मोरयाचा दगड पाहिलेला नसावा. कुरटे बेटावर जलदुर्ग बांधावयाचे निश्चित झाले तेव्हा शिवछत्रपतींनी याच ठिकाणी पूजन करून कार्यारंभ केला, असे मानले जाते. तो दिवस 25 नोव्हेंबर 1664 चा. 1667 मध्ये किल्ला पुरा झाला. सुमारे 48 एकरांचे हे बेट, त्याभोवती सुमारे तीन किलोमीटर लांबीची नागमोडी तटबंदी, तीस फुटांच्या आसपास उंची आणि बारा फुटांच्या आसपास रुंदी. पायाचे चिरे शिशाच्या रसात बसविलेले. चारी बाजूंनी खारे पाणी असता आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींत गोडे पाणी आहे. पुढे राजाराम महाराजांच्या काळात या किल्ल्यात श्रीशिवराजेश्वराचे मंदिर उभे राहिले. देवतांची मंदिरे आपण पुष्कळ पाहतो; परंतु ज्या राजाने किल्ला बांधला त्याचीच त्या किल्ल्यात नित्य पूजा व्हावी, हे दृश्य विरळा. तटावर महाराजांच्या हाताचा व पायाचा म्हणून दाखविला जाणारा चुन्यातील ठसाही भाविक जपतात. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत सिंधुदुर्ग आहे. हे सारे ‘कोठेही’ मिळणारे नव्हे.

आणि आता खरी गोष्ट ऐका. हा जो किल्ला आपण होडीतून जाऊन पाहतो, त्याच्याच पायाशी पाण्याखाली दुसरी एक वसाहत आहे. ती प्रवाळांची. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. ते अत्यंत लहान प्राण्यांचे कुटुंब आहे. हे जीव चुनखडीची घरे बांधतात व त्यांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पुरवितात. त्यांपैकी घुमटाकार वाढणाऱ्या जाती साधारणतः वर्षाला एखादा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे कमरेइतक्या उंचीचा प्रवाळ दिसला तर त्याचे वय शतकाच्या घरात असावयाचे! तटाचा चिरा हलविणाऱ्यास आपण अपराधी मानतो. मग त्या तटाच्या सावलीत शंभर वर्षे मुकाट्याने बांधकाम करणाऱ्या गवंड्याचे घर पायाखाली तुडविणाऱ्यास काय म्हणावे?

ही वसाहत पाहण्याचे साधन किती साधे व किती शास्त्रशुद्ध आहे, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. उघड्या डोळ्यांनी पाण्यात पाहिले तर सारे धूसर दिसते, कारण डोळ्याच्या पारदर्शक पटलाला पाणी भिडले की त्याची किरणे वळविण्याची शक्ती बहुतांशी नाहीशी होते. मुखवट्याने डोळ्यांपुढे हवेचा कप्पा राहतो व दृष्टी स्पष्ट होते. मात्र पाणी, काच व हवा यांतून येताना किरण वाकतात, म्हणून मासा आहे त्यापेक्षा सुमारे एकचतुर्थांश जवळ व एकतृतीयांश मोठा भासतो. तेव्हा घरी आल्यावर “एवढा मासा!” म्हणून हात पसरण्यापूर्वी थोडे गणित करावे! नळीची लांबी हातभरही नसते. ती लांब करून खोल का जाता येऊ नये? कारण एक मीटर खोलीवर छातीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पाण्याचा सुमारे शंभर ग्रॅम अधिक भार येतो. तो सारून वरची हवा ओढण्याइतके बळ आपल्या फुप्फुसांत नाही. शिवाय लांब नळीत उच्छ्वासाची वापरलेली हवाच पुन:पुन्हा येत राहते. समुद्राचे पाणी लिटरमागे सुमारे पंचवीस ग्रॅमांनी गोड्या पाण्याहून जड, म्हणून त्यात तरंगणे सोपे. पाठ्यपुस्तकातील वक्रीभवन, दाब आणि घनता हे तीन धडे अर्ध्या तासात अंगावरून वाहून जातात. अशी प्रयोगशाळा कोणत्या शाळेस बांधून मिळेल?

तथापि प्रवासी कंपन्यांच्या ‘एका दिवसात सर्व काही’ या पद्धतीवर मुख्य आक्षेप येथेच घ्यावयाचा आहे. जाण्यायेण्यात आठ-दहा तास गेल्यावर उरतात किती? त्यांत होडीची रांग, मुखवटे बसविण्याची धांदल, कपडे बदलणे, जेवण आणि छायाचित्रे. मग प्रवाळाच्या वाट्याला दहा मिनिटे येतात आणि शिवराजेश्वराच्या वाट्याला पाच. मुले पाण्यात उतरतात, पण मार्गदर्शक पाव किंवा बिस्किटांचा चुरा टाकतो, मासे झुंडीने जमतात, चित्र निघते, आणि ‘पाहिले’ म्हणून सारे वर येतात. मुले देवळातही जातात, पण चपला काढण्यास लागतो तेवढाच वेळ आत राहतात. दोन्ही ठिकाणी दर्शन घडते ते आपल्याच तसबिरीचे.

या चुऱ्याचे परिणाम साधे नाहीत. आयता पाव खाण्याची सवय लागलेले मासे आपले नित्याचे काम सोडतात, आणि खडकावरचे शेवाळ खरवडून प्रवाळास मोकळे ठेवणे हे त्यांपैकी कित्येकांचे कामच असते. थकलेला पोहणारा टेकू म्हणून ज्यावर पाय ठेवतो तो बहुधा जिवंत प्रवाळ असतो. बेफिकिरीने टाकलेला नांगर एका क्षणात पिढ्यांची वाढ मोडतो. अंगाला चोपडलेल्या काही मलमांतील रसायनेही प्रवाळास बाधक मानली जातात. हवाई बेटांवर 2021 पासून अशा दोन द्रव्यांच्या मलमांची विक्री निर्बंधित झाली आहे. यात भर समुद्राच्या वाढत्या उष्णतेची. नेहमीच्या उन्हाळी तापमानाहून एखादा अंश अधिक उष्मा काही आठवडे टिकला, तर प्रवाळ आपल्यातील शैवले टाकून देतो व पांढरा पडतो. जगभर असे विरंजन चालू असल्याचे एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले. नोंदलेल्या इतिहासातील ही चौथी वेळ. उष्णता थांबविणे आपल्या शाळेच्या हाती नाही. पाय न ठेवणे मात्र निश्चितच आहे.

मालवणचा हा सागरभाग 1987 मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला; क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर. स्थानिक मच्छीमारांनी त्यास विरोध केला होता, कारण आपल्या पोटावर पाय येईल ही त्यांची भीती होती. ती भीती अनाठायी म्हणून उडवून लावणे आपल्यासारख्या एक दिवसाच्या पाहुण्यांस शोभत नाही. रापण ओढणारा मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर जगला आहे. आज त्याचाच मुलगा पुष्कळदा आपल्या मुलांना मुखवटा बांधतो. प्रवाळ मेला तर आपली एक सहल बुडेल. त्याचे घर बुडेल. म्हणून त्याला ‘ए होडीवाले’ म्हणून हाक मारणाऱ्या पर्यटकांच्या रांगेत आपल्या विद्यार्थ्यांनी उभे राहू नये. वारा कधी फिरेल, ओढ कोणीकडे आहे, कोणत्या खडकापाशी जाऊ नये, हे त्यास ठाऊक असते. त्या दिवसापुरता तो आपला गुरुजी होय.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणे अवश्य आहे. अशा सहलीत काठावर कोण राहते? ज्याच्या घरी वेगळे शुल्क परवडत नाही तो, आणि फार वेळा मुली. “त्यांना भिजल्या कपड्यांची अडचण” असे म्हणून त्यांच्या हाती सर्वांच्या पिशव्या व चपला देण्यात येतात! ही सहल नव्हे, राखणदारी झाली. अंगभर पोहण्याचे वस्त्र मिळते, शिक्षिका बरोबर असू शकतात, कपडे बदलण्याची आडोशाची सोय आगाऊ ठरविता येते. जी गोष्ट सर्वांना देता येत नाही ती शाळेच्या नावाने काहींना देऊ नये, हा नियम कडू वाटला तरी न्यायाचा आहे.

तेव्हा माझे मत असे की, ही सहल शाळांनी अवश्य काढावी, परंतु आपल्या अटींवर. पहिली अट, एक मुक्काम. एका दिवसाचे दोन दिवस केले म्हणजे खर्च वाढतो हे खरे. पण दर वर्षी तीन गावे धावत पाहण्याऐवजी एकच गाव नीट पाहिले तर तो भरून निघतो. दुसरी, काळ. पावसाळ्यात होडीवाहतूक बंद असते आणि पुढेही काही दिवस पाणी गढूळ राहते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. तिसरी, क्रम. सकाळी वारा मंद व पाणी शांत असते, म्हणून आधी समुद्र. मग स्नान, भोजन, विश्रांती आणि उतरत्या उन्हात मंदिर. चौथी, सुरक्षितता. पोहता येवो वा न येवो, तरंगते जाकीट प्रत्येकाच्या अंगात हवे. दमा, फेपरे किंवा हृदयाचा विकार असल्यास डॉक्टरांच्या संमतीवाचून पाण्यात उतरू नये. समुद्र खवळला तर बेत मुकाट्याने रद्द करावा. पाचवी, पाव नाही, बिस्किटे नाहीत, स्पर्श नाही. ज्यांना पाण्यात उतरावयाचे नसेल त्यांच्यासाठी ओहोटीच्या वेळी खडकांतील डबकी आहेतच; तेथे खेकडे व शंखातले जीव गुडघाभर पाण्यात दिसतात, आणि त्यांना पाहण्यास नळीही लागत नाही.

एवढी तयारी झाली म्हणजे मुलांना सांगण्यास नियम फार उरत नाहीत, कारण देवळात आपण जे वळण पाळतो तेच पाण्यातही लागू पडते. गाभाऱ्यात आपण मोठ्याने बोलत नाही, मूर्तीस हात लावीत नाही, पुजाऱ्याचे ऐकतो, आणि निघताना तेथील काही उचलून आणीत नाही. सागरतळी याहून निराळे काय करावयाचे असते? बाली बेटावरील देवळांत परदेशी पाहुणेसुद्धा कमरेस वस्त्र गुंडाळल्यावाचून जात नाहीत. नियम पाळण्याने त्यांची मौज कमी होत नाही; आपण कोणाच्या तरी घरी आलो आहोत, एवढे भान मात्र त्यांना राहते.

विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या वर्षी सहलीचा विषय निघेल तेव्हा “किती ठिकाणे?” असे विचारण्याआधी “किती वेळ?” असे विचारा. साडेतीनशे वर्षांचा तट आणि त्याच्या पायाशी शतकभर वाढलेला प्रवाळ यांना भेटावयाचे, तर दहा मिनिटे ही भेट नव्हे, नुसती हजेरी होय. आणि हजेरी तर आपण शाळेत रोजच देतो.