हजेरी : आरोपीचा हक्क की यंत्रणेची सोय?

लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. पण जवळच सात रस्त्यापाशी असलेले आर्थर रोड कारागृह आपल्या जागी कायम आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा खटला याच कारागृहातील विशेष न्यायालयात चालला. २००९ मध्ये कसाबवरील खटलाही तेथेच उभा राहिला. सुरक्षेचा प्रश्न बिकट होता, म्हणून न्यायालयच आरोपीपर्यंत गेले. आरोपीच्या पाठीमागे साक्षीपुरावे नोंदवले गेले नाहीत.

हे औदार्य नव्हते, कायद्याचा दंडक होता. आरोपी समोर असेल तरच साक्षीदाराच्या विधानातील विसंगती तो वकिलाच्या तत्काळ नजरेस आणू शकतो. मात्र 'समोर' म्हणजे काय, याचा अर्थ विस्तारत गेला. डॉ. प्रफुल्ल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे साक्ष ग्राह्य मानली. कसाबही २०१० मध्ये उच्च न्यायालयापुढे आला तो कारागृहातील पडद्यावरूनच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३०८ ने तर दृक्‌श्राव्य हजेरीला थेट कायद्यातच स्थान दिले आहे.

त्याच संहितेचे कलम ३५६ आणखी पुढे जाते. दाऊद इब्राहिम, टायगर मेमन यांच्यासारख्या फरारींविरुद्ध पूर्वी फार तर पुरावा नोंदवून ठेवता येत असे. आता घोषित फरारी आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालवून निकालही देता येतो. त्यासाठी किमान तीस दिवसांच्या अंतराने दोन वॉरंट, वृत्तपत्रातील नोटीस, आरोपनिश्चितीनंतर नव्वद दिवसांची प्रतीक्षा आणि सरकारी खर्चाने वकील, अशा अटी आहेत.

जो स्वतःहून पळाला, त्याने हक्क गमावला, हे तत्त्व न्याय्य आहे. पीडितांनी किती काळ ताटकळावे? परंतु कोठडीतला कच्चा कैदी पळालेला नसतो; त्याला न्यायालयात आणणे हे शासनाचे काम असते. पोलिसांचा ताफा उपलब्ध नाही म्हणून त्याला पडद्यापुढे बसवले आणि वकिलाशी खासगीत बोलण्याची सोयच नसली, तर कागदावर हजेरी लागते, बचाव मात्र गैरहजर राहतो.

फरारीसाठी कायद्याने इतक्या अटी घातल्या. कोठडीतील आरोपीसाठी निदान एक हवी : साक्ष सुरू असताना वकिलाशी गुप्त संवादाची हमी. ती नसेल तेथे त्याला प्रत्यक्ष आणलेच पाहिजे.