मातीचे वजन

यंदाच्या अंकाचा विषय ‘माती’ ठरला, तेव्हा जाहिराती आणणाऱ्या आमच्या मित्राने कपाळाला हात लावला. “मातीवर जाहिरात कोण देणार? खतवाले?” ते सावरून घेतले. खरी अडचण पुढे आली. मातीवरच्या लेखनाचा आपल्याकडे कधीच दुष्काळ नव्हता. काळी आई, पहिल्या पावसाचा दरवळ, मातीशी जुळलेली नाळ यांवर दरसाल पोतेभर कविता टपालाने येतात. पण माती किती गेली, हे विचारले की सगळे गप्प. म्हणून या अंकात आम्ही मातीचे वजन करणाऱ्यांना पुढच्या पाटावर बसवले आहे.

कोरडवाहू शेतीचे संशोधन आपल्याकडे १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला सुरू झाले आणि १९३३ मध्ये सोलापुरात त्याचे केंद्र उभे राहिले. तिथे काम केलेल्या एन. व्ही. कानिटकरांचे कोरडवाहू शेतीवरचे पुस्तक १९४४ मध्ये निघाले. पावसाबरोबर वाहून जाणारे पाणी आणि माती मोजण्याचे काम सोलापुरात केंद्राच्या सुरुवातीच्या काळापासूनचे. पद्धत आजही जवळपास तीच आहे. उतारावर वाफा आखायचा, कडेने पत्रे ठोकून शेजारचे पाणी बाहेर ठेवायचे, खालच्या अंगाला हौद करायचा. पाऊस झाला की हौदातल्या पाण्याची उंची मोजायची, गढूळ पाणी तळापासून ढवळून बाटली भरायची, ते आटवायचे आणि उरलेला गाळ तराजूत टाकायचा. सर रात्री दोनला येवो की सणाच्या दिवशी, पुढची सर येण्याआधी हौद रिकामा झालाच पाहिजे. असे वर्षानुवर्षे. या कामावर चित्रपट निघणार नाही.

पण इतके कंटाळवाणे काम केल्याशिवाय धूप कळतच नाही. देहरादूनच्या मृद व जलसंधारण संस्थेतील ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये देशाचा हिशेब मांडला: वर्षाला सुमारे ५३३ कोटी टन माती जागची हलते, म्हणजे हेक्टरी सरासरी १६ टनांहून थोडी जास्त. त्यातली २९ टक्के कायमची समुद्रात जाते आणि १० टक्के धरणांत बसते. आकडा प्रचंड वाटतो. मात्र हेक्टरभर पसरलेला मातीचा एक मिलिमीटर थर साधारण १३ टनांचा भरतो. म्हणजे रान वर्षाला जेमतेम सव्वा मिलिमीटर खाली जाते. बांधावर उभ्या माणसाला ते कसे दिसावे? तीस वर्षांत दोन बोटे जातात आणि एके दिवशी कुळवाला मुरूम लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने शेते खरडून नेली, तेव्हा पंचनामे झाले आणि व्हायलाच हवे होते. पापुद्र्यासारखा थर सोलून नेणाऱ्या सालकाढी धुपीचा पंचनामा करायला मात्र कोणी तलाठी येत नाही.

काळ्या रानाची गोष्ट तर आणखी चमत्कारिक. रब्बीच्या ज्वारीसाठी ते पावसाळाभर मोकळे ठेवायची आपली रीत. उन्हाळ्यातल्या भेगा पावसाने बुजल्या की पाणी मुरेनासे होते आणि उघड्या रानावरून माती घेऊन धावते. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने १९७६ पासून अशीच रीत एका रानात चालू ठेवली. शेजारच्या रानात रुंद वाफे व सऱ्या पाडून पावसाळ्यातच ज्वारी-तूर घेतली. पहिल्या रानातून वर्षाला हेक्टरी सरासरी ६.४ टन माती गेली, दुसऱ्यातून १.५ टन. एक-दोन हंगामांच्या मोजणीवर असे ठाम बोलता आले नसते.

राहिलेल्या मातीत काय मिसळले, हा प्रश्न याहून अवघड. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडला १८४३ पासून एकाच रानात गव्हाचा प्रयोग चालू आहे आणि तिथल्या मातीचे नमुने बाटल्यांत जपून ठेवलेले आहेत. १९८०च्या दशकात संशोधकांनी त्या उघडून कॅडमियम मोजले, तेव्हा शंभराहून अधिक वर्षांत ते वाढत गेल्याचे दिसले: काही हवेतून उतरलेले, काही स्फुरदाच्या खतातून आलेले. हा धातू पिकातून पोटात जातो आणि मूत्रपिंडात साठून राहतो. बाटली भरणाऱ्याच्या मनात कॅडमियम नव्हते. त्याने फक्त बूच घट्ट लावले होते.

आपल्याकडे २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते. चांगली योजना आहे. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये अशा बारा गोष्टी ती सांगते. कॅडमियम, शिसे किंवा फवारणीच्या औषधांचे अंश त्या बारांत नाहीत आणि रानात माती किती खोल उरली, याचाही रकाना नाही. पिकाला काय कमी पडते एवढेच पाहायचे ठरवल्यावर, जास्तीचे काय झाले ते दिसणार कुठून?

आमची सूचना फारशी खर्चिक नाही. कृषी महाविद्यालयांनी आपल्या टापूतल्या प्रत्येक गावाची एकेक बरणी भरून ठेवावी. माती सावलीत वाळवावी, चाळावी, झाकण मेणाने बंद करावे. चिठ्ठीवर गट नंबर, तारीख, किती खोलीवरची माती, आधीचे पीक आणि टाकलेली खते-औषधे लिहावीत, तीही पेन्सिलने, कारण शाई उडते. त्याची सगळी कृती अंकाच्या शेवटच्या लेखात आहे. ज्या शाळा-महाविद्यालयांना ती पाने छापून वाटायची असतील, त्यांनी आमची परवानगी आहे असेच समजावे.