वेगळी जागा की सारखी जागा?



आपल्या माजी सैनिकांच्या बैठकीत पेन्शनचे विषय संपले की हल्ली एक मागणी कानावर येते. कोणी म्हणतो, अमेरिकेत फौजेतून परत आलेल्यांसाठी आणि त्यांच्या बायका-मुलांसाठी सरकार नवीन दफनभूमी उघडते. मग मराठवाड्यात आमच्यासाठी अशी एक वेगळी जागा का नको? ही मागणी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्याच्या गावात स्मशानाच्या जागेवरून अजून कुरबुर चालते, त्यालाच ती सुचते. म्हणून तिचा नीट विचार करू.

आधी तिकडची व्यवस्था पाहू. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना १८६२ साली सैनिकांसाठी राष्ट्रीय दफनभूमी राखण्याचा कायदा झाला. सुरुवातीला ती नोकरीत असताना मेलेल्यांसाठी होती. पुढे सन्मानाने सेवामुक्त झालेल्या सैनिकाला आणि त्याच्या पत्नीला व अज्ञान मुलांनाही तो हक्क मिळाला. आज तिथे जागा, खोदाई, नावाचा दगड आणि कायमची देखभाल सरकारी खर्चाने होते. त्यासाठी कुटुंबाकडून पैसे घेत नाहीत. पत्नी आधी वारली तरी तिला जागा मिळते. दगडावर ज्याच्या त्याच्या धर्माचे चिन्ह कोरून मिळते. क्रॉसप्रमाणे बौद्धांचे धम्मचक्रही त्या सरकारी यादीत आहे. माजी सैनिकाच्या घरापासून ७५ मैलांच्या आत, म्हणजे सुमारे १२० किलोमीटरच्या आत अशी सोय असावी, असे तिथल्या खात्याचे धोरण आहे. त्यामुळेच तिकडे नवनवीन दफनभूमी सुरू होतात.

यातली पत्नीची गोष्ट मला फार मोलाची वाटते. जवान सीमेवर असतो तेव्हा त्याची बायको सासू-सासऱ्यांचे करते, रोजंदारीला जाते, मुलांची फी भरते. तिच्या नोकरीची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते. तिचे नाव नवऱ्याच्या नावासोबत दगडावर कोरणे म्हणजे ती नोंद सरकारने करणे होय. आपल्याकडे दिल्लीत २०१९ साली राष्ट्रीय युद्धस्मारक झाले. त्यावर पंचवीस हजारांहून अधिक हुतात्म्यांची नावे आहेत. त्यांना आपले वंदन. पण पंधरा-वीस वर्षे नोकरी करून गावी परतलेला आणि म्हातारपणी अंथरुणावर गेलेला शिपाई त्या यादीत येत नाही. त्याची बायको तर नाहीच.

पण याच अमेरिकेची दुसरी बाजूही आपण वाचली पाहिजे. वॉशिंग्टन शहराजवळ आर्लिंग्टन ही तिथली सर्वात मानाची लष्करी दफनभूमी १८६४ पासून आहे. यादवी युद्धात गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या काळ्या सैनिकांना तिथे पुरले, ते निराळ्या भागात. त्यांच्या दगडांवर ‘यू.एस.सी.टी.’ ही अक्षरे आहेत. त्यांचा अर्थ ‘रंगीत पलटण’. गणवेश एक, गोळी एक, पण पुरण्याची जागा वेगळी. ही पद्धत १९४८ पर्यंत चालली. त्या वर्षी अध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातील वर्णभेद बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा ती थांबली. जागा मिळाली होती, दगडही मिळाला होता. तरी तो मान म्हणता येईल का?

इतके दूर जायचे नसेल तर पुण्याजवळ खडकीला जा. तिथे दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांची दफनभूमी आहे. सोळाशेहून अधिक थडगी एका ओळीत आणि एकाच मापात आहेत. अधिकारी आणि शिपाई यांच्या दगडात फरक नाही. ज्या कमिशनकडे तिची देखभाल आहे ते १९१७ साली स्थापन झाले. मेलेल्यांत हुद्दा, वंश, धर्म यांचा भेद करायचा नाही, हे त्याचे तत्त्व. तत्त्व उत्तम, पण अंमलबजावणी? पहिल्या महायुद्धात इराकच्या बाजूला मेलेल्या सैनिकांसाठी १९२९ साली बसऱ्याला स्मारक उभे केले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली. हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा आला. अमुक पलटण, इतके मेले, संपले. २०२१ साली त्याच कमिशनच्या चौकशी अहवालाने कबूल केले की भारतीय, आफ्रिकी आणि इजिप्तच्या किमान ४५ हजार सैनिकांची व मजुरांची नोंद असमान रीतीने झाली. आणखी लाखाहून अधिक लोकांची नावे कुठे लागलीच नाहीत. कमिशनने माफी मागितली, पण जवळजवळ शंभर वर्षांनी.

आता आपला भीमा कोरेगावचा स्तंभ आठवा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे त्यावर एकेक करून कोरली आहेत. त्यात शेवटी ‘नाक’ असलेली वीसहून अधिक नावे आपल्या पूर्वजांची आहेत. नाव कोरलेले होते म्हणून १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले आणि समाजाला आपला इतिहास सापडला. नुसता आकडा असता तर कोण कोणाला ओळखणार होते? पण याच इंग्रजांनी १८९० च्या सुमारास आपल्या समाजाची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात ती थोडा काळ उघडली आणि पुन्हा बंद झाली. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा कुठे दार नीट उघडले. म्हणजे दगडावरचे नावसुद्धा पुरेसे नाही. त्यामागे हक्क लागतो.

हे सारे आपल्या गावाला लावून पाहा. गावात जवान सुट्टीवर आला की सगळे त्याला ‘मेजर’ म्हणतात. पंधरा ऑगस्टला खुर्ची देतात. तोच माणूस कालकथित झाला की त्याची प्रेतयात्रा वेगळ्या वाटेने जाते. आपल्या स्मशानाला अनेक गावांत शेड नाही, पाण्याचा नळ नाही. पावसाळ्यात रस्ता चिखलात जातो. कोणी शेतातून वाट अडवतो. नाइलाजाने मृतदेह तहसील कचेरीसमोर ठेवल्याच्या बातम्या मराठवाड्यातून वेळोवेळी येतात. अशा वेळी माजी सैनिकांसाठी शहरात एक वेगळी जागा मिळाली तर काय होईल? पंचवीस-पन्नास फौजी कुटुंबांची सोय होईल. त्यांच्या भावकीतील शेतमजूर मात्र त्याच चिखलातून जात राहील. आणि गावातला अन्याय करणारा म्हणेल, ‘तुमची जागा तिकडे आहे ना, मग इकडे कशाला?’ वेगळ्या जागेतून काय निघते ते आर्लिंग्टनने दाखवले आहे.

म्हणून माझे मत असे की आपण वेगळी जागा मागू नये. गावाचे स्मशान सर्वांना सारखे मागावे, आणि ती मागणी माजी सैनिकांनी पुढे होऊन करावी. त्यांच्या शब्दाला कचेरीत वजन असते.

कायदा आपल्या बाजूचा आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून स्मशान वा दफनभूमी वापरू न देणे हा गुन्हा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने हा गुन्हा स्पष्ट शब्दांत आला. ती दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. जागाच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम २२ आहे. त्यानुसार जिल्हाधिकारी सरकारी पडीक जमीन दफनभूमी वा स्मशानासाठी राखून ठेवू शकतात.

मी कारकुनी करणारा माणूस. अनुभवाने सांगतो, तोंडी आश्वासनावर विसंबू नका. आधी ग्रामसभेचा ठराव लेखी घ्या. ठरावात गट नंबर लिहा. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्या. जागा मंजूर झाली की सातबाऱ्यावर ‘स्मशानभूमी’ अशी नोंद झाली का, ते तलाठ्याकडून उतारा काढून स्वतः पाहा. रस्त्याची नोंद वेगळी मागा, कारण वाट अडली तर जागा असून उपयोग नाही. शेड व पाण्यासाठी जिल्हा परिषदेच्या जनसुविधा योजनेतून निधी मागता येतो. दहन करा की दफन करा, ज्याची जी रीत. जागा मात्र एकच.

आणि एक मागणी खास फौजी कुटुंबांची. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावातून सैन्यात गेलेल्या सर्व जातिधर्मांच्या माणसांची नावे लावावीत. लढाईत पडलेल्यांची आणि घरी वारलेल्यांचीही. हुद्द्याप्रमाणे वर-खाली न लावता भरतीच्या सालाप्रमाणे लावावीत. प्रत्येक नावाशेजारी पत्नीचे नाव असावे. याला जमीन लागत नाही, की फार खर्चही येत नाही.

भगिनींसाठी दोन शब्द. मालकांचे डिस्चार्ज बुक आणि पी.पी.ओ. कुठे ठेवले आहे ते आजच विचारून घ्या. पी.पी.ओ. आणि आधार यांवर तुमचे नाव व जन्मतारीख सारखी आहे का ते पाहा. फरक असेल तर मालक हयात असतानाच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन दुरुस्ती कशी करायची ते विचारा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. पुण्यानुमोदनाच्या धावपळीत ती राहून जाते आणि पुढे फॅमिली पेन्शन महिनोन् महिने अडकते.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांच्या सुमारास गावोगावी ग्रामसभा होतात. यातली जी पुढची येईल तिला माजी सैनिकांनी छातीवर मेडल लावून जावे, सोबत पत्नीला न्यावे आणि पहिला विषय स्मशानभूमीचा घ्यायला लावावा.

जयभीम.