अंगणांतला नाच आणि एकट्याचा सूर

लग्नसराईच्या दिवसांत बुलढाण्याच्या पेठेंत, चिखलीच्या रस्त्यावर किंवा मेहकरच्या एखाद्या आळींत सायंकाळीं उभें राहावें. नवरदेवाची घोडी दृष्टीस पडण्यापूर्वींच भोंग्यांनीं लादलेली गाडी, जिला सारे 'डीजे' म्हणतात, ती जवळ येत असल्याचें खिडक्यांच्या तावदानांवरून कळतें. आणि वरात ऐन भरांत आली कीं बहुधा 'झिंगाट' सुरू होतें. आज दहावीच्या वर्गांत बसणारे आमचे विद्यार्थी हें गाणें निघालें तेव्हां पांच-सहा वर्षांचे होते. तरीहि यंदाच्या स्नेहसंमेलनाचा शेवटचा नाच याच गाण्यावर झाला. गाण्यावर नाचणारे पुष्कळ, त्याविषयीं विचार करणारे थोडे. म्हणून त्याच्या गुणदोषांविषयीं दोन शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अजय आणि अतुल गोगावले हे दोघे सख्खे बंधु. दोघे मिळून चाली बांधतात आणि दोघांचीं नांवें एका जोडशब्दाप्रमाणें उच्चारलीं जातात. 'जोगवा' या चित्रपटाच्या संगीताबद्दल त्यांस राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. २०१६ सालच्या एप्रिलांत नागराज मंजुळे यांचा 'सैराट' प्रदर्शित झाला. त्यांतील 'झिंगाट' दोघां बंधूंनीं मिळून म्हटलें आहे, आणि 'याड लागलं' एकट्या अजय यांनीं. एकाच चित्रपटांत जोडीचें एक व एकट्याचें एक अशीं दोन गीतें शेजारीं ठेविलेलीं असल्यामुळें तुलना करण्यास ही संधि उत्तम आहे.

'झिंगाट'चा गुण हा कीं तें मुळींच सभ्यपणाचा आव आणीत नाहीं. पोरसवदा मुलाची बढाई, त्याची धांदल, उसनें धैर्य, हें सर्व करमाळ्याकडच्या बोलींत जसेंच्या तसें उतरलें आहे. दोष असा कीं गाण्याला कोठें श्वास नाहीं. पहिल्या ठोक्यापासून जो वेग धरला तो शेवटपर्यंत ढळत नाहीं, आणि कंठ दोन असून ते एकमेकांत इतके मिसळतात कीं दोन माणसें गात आहेत हें सांगावें लागतें. शेगांवच्या पालखीबरोबर चालणाऱ्या दिंडींत आम्हीं पाहिलें आहे: एक जण चरण म्हणतो, मागचे टाळकरी तो उचलतात, आणि त्या देण्याघेण्यांतच रंग भरतो. तसें देणेंघेणें येथें असतें तर हें गाणें नाचून झाल्यावरहि ऐकावेंसें वाटलें असतें. २०१८ सालीं 'धडक' या हिंदी चित्रपटासाठीं त्याच चालीवर हिंदी शब्द बसविण्यांत आले. ठोका तोच, पण बोली गेली, आणि बोलीबरोबर गांवहि गेलें.

'याड लागलं' हें आमच्या मतें अधिक मोलाचें गीत. (आमच्या वऱ्हाडांत त्यास 'येड' म्हणतात, पण लागतें तें दोहींकडे सारखेंच.) आरंभीं आवाज खालच्या पट्टींत, किंचित् भांबावलेला असा येतो. आपणांस काय झालें हें ज्याला स्वतःलाच अजून उमगलेलें नाहीं, अशा मुलाचा तो आवाज आहे. परंतु लवकरच वाद्यवृंद दाटूं लागतो. 'सैराट'साठीं या बंधूंनीं पाश्चात्य पद्धतीचा मोठा वाद्यमेळ अमेरिकेंत, लॉस एंजिलिस येथील सोनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत मुद्रित करून घेतला, ही मराठी चित्रपटास भूषणावह गोष्ट होय. मासे धरणाऱ्या घरच्या परश्यालाहि राजपुत्राइतकेंच भव्य संगीत मिळावें, हा त्यामागचा विचार आम्हांस फार आवडतो. तथापि एखादें कडवें केवळ कंठावर सोडिलें असतें तर काय बिघडलें असतें? अजय यांस वरच्या सुरांत जाण्याची ओढ आहे. 'नटरंग'मधील 'खेळ मांडला' या गीतांत ती शोभली, कारण तेथें माणूस देवाला हांका मारीत आहे. हांक मोठ्यानेंच मारावयाची असते. येथें मुलगा स्वतःशींच बोलतो आहे. त्याला इतक्या लवकर आकाशांत नेण्याचें कारण नव्हतें.

आतां ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः लेखणी उचलली तिकडे वळतों. चित्रपटांत 'झिंगाट'चा नाच होतो तो आर्चीच्या धाकट्या भावाच्या वाढदिवशीं, तिच्या धनाढ्य पाटील बापाच्या वाड्यापुढें. वर उभी राहून पाहणारी आर्ची न राहवून खालीं येते आणि सर्वांसमक्ष नाचते. त्याच रात्रीं दोघांचें प्रेम घरच्यांस कळतें. पुढें पळापळ, परमुलखांतला संसार, लहान मूल. आणि वर्षांनंतर माहेरचीं माणसें भेटवस्तू घेऊन येतात व दोघांचा जीव घेऊन जातात. त्या शेवटच्या दृश्यांत इतक्या वाद्यांचे धनी असलेले हे संगीतकार पूर्ण गप्प आहेत. रक्तांत भरलेलीं इवलींशीं पावलें उमटतात आणि कसलाहि आवाज नाहीं. आमच्या दृष्टीनें या बंधूंची सर्वांत थोर कामगिरी ती शांतता होय. तिच्यावर मात्र कोणी नाचत नाहीं.

आम्हीं काय केलें? त्या अंगणांतला ठोका तेवढा उचलला आणि जात, पोटजात पाहून ठरविलेल्या लग्नांच्या वरातींत लाविला. मुलगे रस्त्यावर नाचतात, मुली गच्चींतून पाहतात; आणि त्यांतली एखादी आर्चीप्रमाणें खालीं उतरलीच, तर गाणें बंद करणारे हात कोणाचे असतील, हें आपण सारे जाणतों. याचा दोष गाण्याकडे नाहीं. नाचावयासच केलेलें गाणें आहे, आणि नाचण्यांत पाप नाहीं. पण तें कोणाच्या दारांत वाजत होतें, हें नाचणाऱ्यास ठाऊक असावें, इतकेंच आमचें म्हणणें.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशीं नववींतील एका मुलीस आम्हीं सहज विचारलें, "चित्रपट पाहिला आहेस काय?" ती म्हणाली, "नाहीं, गुरुजी. घरीं पाहूं देत नाहींत." मग थोडी थांबून म्हणाली, "पण दादाच्या लग्नांत बाबांनींच तें गाणें तीनदां लावायला सांगितलें होतें."